समजा, इंजेक्शन दिलं

हा किस्सा मी सहसा कोणाला सांगत नाही. पण आज तुम्ही चहा पाजताय आणि फजितीचा विषय निघालाच आहे, तर ऐका. हसायचं तेवढं सुरुवातीलाच हसून घ्या, पुढे जमेलच असं नाही.

मी अकोल्याची. नर्स म्हणून आयुष्य गेलं, आता नर्सपोरींना बाळंतपण शिकवते. म्हणजे काय, तर नॉर्मल चाललेल्या बाळंतपणात उगाच हात घालायचा नाही. बाईला फिरायचं असेल तर फिरू द्या, उकिडवं बसायचं असेल तर बसू द्या. तिला विचारा, तिचं ऐका. आणि धोका कधी सुरू झाला तेवढं मात्र ओळखा. त्यासाठी माझं एक ठरलेलं वाक्य आहे. ते फळ्यावर लिहिल्याशिवाय मी वर्गच सुरू करत नाही: 'ओरडणाऱ्या बाईला भिऊ नका, गप्प झालेल्या बाईला भ्या.' भारी वाटतं ना? मलाही वाटायचं.

अंजनगाव सुर्जीच्या बाजूला एका लहानशा दवाखान्यात ट्रेनिंग होतं. शेवटच्या दिवशी परीक्षा म्हणून मी गुपचूप एक नाटक ठरवलं. जवळच्या खेड्यातल्या सुनंदा नावाची आशा सेविका अकरा वाजता ऑटोतून येणार. वाटेतच बाळंत झाले आणि रक्त थांबत नाही, असं सोंग करणार. पोटाशी लाल पाण्याची पिशवी, सोबत तिची सासू, सासूच्या हातात फडक्यात गुंडाळलेली बाहुली. पोरींना पत्ता नाही. आणि मी तरी सुनंदाला कुठे पाहिलं होतं? सगळं फोनवर ठरलेलं.

"तुमी फिकर नोका करू मॅडम," ती म्हणाली होती, "मी गणपतीतल्या नाटकात काम केलं हाय."

पावणेअकराला ऑटो आला. आतून एक तरुण बाई, सोबत सासू, सासूच्या हातात गाठोडं. लुगड्याला लाल डाग पार टाचेपर्यंत. मी मनात म्हटलं, वा, सुनंदा वेळेच्या आधी हजर. मोबाइलवर वेळ लावली, मार्कांचा कागद काढला आणि भिंतीला टेकून उभी राहिले.

पोरी धावल्या. बाईला टेबलावर घेतलं. बाई जी ओरडत होती, ती अख्ख्या दवाखान्याला ऐकू जात होती.

मी तिच्या कानाशी गेले. "ताई, जरा चूप राहा ना. एवढं कोणी ओरडते का? पोरी घाबरून राह्यल्या."

तिने माझ्याकडे पाहिलं आणि ओठ मिटून घेतले. मी कागदावर लिहिलं, 'सांगितलेलं लगेच ऐकते. उत्तम कलाकार.' हो, असंच लिहिलं. तो कागद अजून माझ्याकडे आहे.

आता आमच्या सरावाची एक पद्धत तुम्हाला सांगायला हवी. सरावात खरं औषध कोणी वाया घालवत नाही. 'समजा, सलाईन लावलं', 'समजा, डॉक्टरला बोलावलं', असं तोंडाने म्हणायचं आणि पुढे जायचं. वर्गात रोज हेच.

हिवरखेडची वैशाली रक्त थांबावं म्हणून बाईचं पोट चोळत होती. वर्गात हिचं तोंड उघडताना मी कधी पाहिलं नव्हतं. ती म्हणाली, "मॅडम, इंजेक्शन भरू का?"

"समज, दिलं. पुढं चल."

"डॉक्टरले बोलवा ना मग."

"समज, बोलावलं."

"समजू कशी मॅडम? इचे हात थंडे पडून राह्यले." आणि तिने माझ्या हाताला हिसका देऊन मला बाजूला केलं, ट्रे ओढला आणि सुई भरली.

मला राग आला. खरं इंजेक्शन नाटकात घालवते म्हणजे काय? मी तिचे दोन मार्क कापले. तेवढ्यात सासू मधे आली. "धरा ना जी हे, मले गरगरून राह्यलं," म्हणत तिने गाठोडं माझ्या हातात कोंबलं. मी ते आमच्या सरावाच्या बाहुल्या घेतो तसं काखेत मारलं आणि कपाटाकडे निघाले. बाहुल्यांच्या खणात ठेवायला.

खण उघडला तेव्हा मला कळलं की काख गरम झाली आहे. मग गाठोड्याने पाय झाडला.

पुढचं मला नीट आठवत नाही. लेकरू दुसऱ्या पोरीच्या हातात दिलं असेन. चपला न घालता ओपीडीत पळाले आणि डॉक्टरांना हाताला धरून ओढत आणलं, एवढं खरं. वैशालीचे हात मात्र त्या पोटावरून हलले नव्हते.

बरोबर अकरा वाजता फाटकातून आवाज आला, "अवं माय, मेली वं मी!" सुनंदा. पोटाशी लाल पाणी, मागे सासू, हातात बाहुली. तिच्याकडे कोणी ढुंकूनही पाहिलं नाही. दोन मिनिटं बिचारी एकटीच मरत राहिली, मग आत डोकावली, मुकाट्याने पिशवी सोडली आणि आतल्या खऱ्या सासूला धरून बाकावर बसवलं.

ती बाई वाचली. पूजा तिचं नाव. अमरावतीला नेलं, रक्त चढवलं. वाचली ती वैशालीने माझं ऐकलं नाही म्हणून.

तिसऱ्या दिवशी मी तिला भेटायला गेले. हात जोडायचे, सगळं सांगून टाकायचं, असं बसमध्ये दहादा घोकलं होतं. पूजा पांढरीफटक पडली होती, लेकरू कुशीत. मला पाहून तिने उठायचा प्रयत्न केला. मी तोंड उघडणार, त्याआधी तीच बोलली. खालच्या आवाजात, शाळेतल्या पोरीने बाईंना विचारावं तसं.

"मॅडम, लय दुखत होतं मले. पण तुमी म्हणल्या तशी चूप राह्यली ना मी?"