माधवची भुतं आणि माझी पेटी

माधव गेल्याची बातमी मला कॅरनने दिली. पुण्याच्या होस्टेलपासूनची दोस्ती माझी, आणि बातमी सांगायची ती ह्या बाईने! सकाळी फोन वाजला. "विनायक, माधव इज गॉन," एवढं बोलून ती रडायलाच लागली, आणि तिची समजूत काढत बसलो मी. शैलावहिनींनी, म्हणजे माधवच्या बायकोने, आधी तिला बोलावलं होतं… ती म्हणे दोन गल्ल्या सोडून राहते. राहत असेल. मीही अमेरिकेतल्या ह्याच गावात, नोव्हायमध्येच राहतो, चंद्रावर नाही. दीड महिना होत आला, तरी ते मला सलतंय.

माधव आठवडाभर गाड्यांचे ब्रेक डिझाइन करायचा आणि रविवारी दुपारी बेसमेंटमध्ये भुतं नाचवायचा. जुन्या मूकपटांतली रक्तपिपासू पिशाच्चं हे त्याचं वेड. कुठून कुठून रिळं मागवायचा, खिडकीवर सतरंजी ठोकायचा आणि पडद्यावरच्या पाट्या स्वतः मराठीत वाचून दाखवायचा. मध्येच म्हणायचा, "अरे, हे भूत भर उन्हात चालतंय, सावली बघा त्याची! दिवसा शूट करायचे आणि फिल्म निळ्या रंगात बुडवायचे, की झाली रात्र." मूकपटाला कुणीतरी वाजवणारा लागतोच, म्हणून साथीला माझी पेटी. इथल्या मराठी मंडळातले लोक चिवडा खात खात घाबरायचे. काय दिवस होते!

एकदा मात्र फजिती झाली. नायिका खिडकीशी एकटी, पिशाच्च जिना चढतंय… मला असं काही भरून आलं की मी भैरवी धरली. झालं! भैरवी कानावर पडताच आपली सगळी मंडळी कार्यक्रम संपला म्हणून उठली. कुणी कोट चढवतंय, कुणी बूट शोधतंय, आणि ते भूत बिचारं अजून अर्ध्या जिन्यात. माधव ओरडला, "अरे बसा, अजून भूत मेलं नाहीये!" आम्ही दोघं पोट दुखेपर्यंत हसलो.

पण पुढच्याच शोला कीबोर्ड घेऊन कॅरन आली. ती गावातल्या लायब्ररीत मूकपटांना पियानोची साथ करायची, प्रत्येक दृश्य तिला तोंडपाठ. "विन्या, काय वाजवते रे ही!" हे तो मलाच सांगायचा. हळूहळू पेटी कोपऱ्यात गेली आणि माझ्या हाती चिवड्याचा डबा आला. जळफळाट व्हायचा माझा. अजूनही होतो. गेलेल्या माणसाबद्दल असं लिहू नये म्हणतात, पण आहे ते आहे.

परवा वहिनींनी बेसमेंट आवरायला आम्हा दोघांना बोलावलं. "भावोजी, प्रोजेक्टर कॅरनला देते. चालेल ना?" न चालून सांगतो कुणाला? "तिलाच द्या," म्हटलं. कॅरन प्रोजेक्टर पुसत आठवणी सांगत होती, जणू माधव तिच्या एकटीच्या मालकीचा. न राहवून मी विचारलं, तो कधी घाबरायचा का?

"माधव? नेव्हर!" ती हसली. "शो संपला की आम्हाला सगळ्यांना वर पाठवायचा आणि लाइट बंद करायला स्वतः मागे थांबायचा. ही वॉज फिअरलेस."

फिअरलेस म्हणे! सगळे वर गेले की माधव माझी बाही धरायचा. त्या बेसमेंटच्या दिव्याचं बटण खाली, जिन्याच्या पायथ्याशी. "विन्या, दिवा तू घालव. मी पुढे होतो, तू मागून ये. आणि बोलत ये रे, गप्प नको राहू." दर शोनंतर हेच, कॅरन आल्यानंतरही. मला वाटायचं, पेटीवाल्याचा आता हमाल केलाय ह्याने. हे त्याने दुसऱ्या कुणालाच कळू दिलं नव्हतं, हे मला परवा कळलं.

कॅरनला मी यातलं अक्षर सांगितलं नाही. कशाला सांगू? प्रोजेक्टर नेला ना, पुष्कळ झालं.

ती वर गेली, वहिनी गेल्या. मी दिवा घालवला आणि अंधारात पहिल्या पायरीवर पाय ठेवला…

"चल, चढ माधव," मी मोठ्याने म्हणालो. "मागे मी आहे."