साहेबांच्या हातचा नारळ

ढीग दिसला आणि आमचे थोरले साडू त्याच्या पायथ्याशी वाकले नाहीत, असं नाशकात अजून घडलेलं नाही. वाळू असो, खडी असो, नाहीतर लग्नाच्या पंगतीतला भात असो. आधी उतार बघायचा, मग बाकीचं. नोकरी त्यांनी परमुलखातल्या खाणींवर काढली. खनिज काढून घेतल्यावर उरणारा चिखल ज्या मातीच्या बांधाआड साठवतात, तो बांध घसरू नये हे बघणं त्यांचं काम. निवृत्त होऊन इंदिरानगरात राहायला आले, तरी खोड गेली नाही. भाजीबाजारात एकदा ते टोमॅटोच्या ढिगाला खालून आणखी टोमॅटो लावत बसले. म्हणे, "उतार फार उभा आहे, पायथ्याला वजन हवं." भाजीवाली कडाडली, "ओ बाबा, घ्यायचं तर घ्या! रचायला लय येळ लागलाय." साडूंनी निमूटपणे दोन किलो घेतले, तेही वरून वेचून.

गेल्या वर्षी सातपूरला माझ्या वर्कशॉपच्या नव्या शेडचं भूमिपूजन होतं. घरातले वडीलधारे म्हणून मी नारळ त्यांच्या हातात दिला. त्यांनी तो खाली ठेवला आणि तडक रस्त्यावर जाऊन उभे राहिले. चारचौघांत माझी शोभा झाली. मी तणतणत मागे गेलो.

"अण्णा, एवढं काय मागितलं मी?"

तेव्हा कुठे ते बोलले. शेवटच्या खाणीवर बांध आणखी उंच करायचं ठरलं होतं. आधी पायथ्याला दगडांचा भराव घाला, आत साचलेल्या पाण्याचा निचरा करा, मगच वर चढा, असं अण्णांनी परोपरीनं बजावलं. कुणी ऐकेना, तेव्हा बांधाखालच्या वस्तीत घरोघर जाऊन "इथून हला" म्हणून सांगून आले. लोकांनी बोचकी बांधली. कामाच्या मुहूर्ताला मॅनेजर सगळ्यांसमोर म्हणाला, "साहेब, नारळ तुमच्याच हातून." पूजेत वाद कशाला, म्हणून अण्णांनी फोडला. प्रसाद वस्तीतही वाटला गेला.

"साहेबांनीच नारळ फोडला म्हटल्यावर लोकांनी बोचकी सोडली हो," अण्णा म्हणाले. "त्याच पावसाळ्यात बांध बसला. वस्तीतलं कुणी वाचलं नाही. माझं ऐकून निघाले होते, आणि माझंच बघून थांबले."

माझा राग कुठल्या कुठे गेला. पलीकडून गुरुजी हाका मारत होते. मी अण्णांचे हात हातात घेतले आणि आम्ही दोघं तसेच रस्त्याकडेला उभे राहिलो. नारळ त्या दिवशी कुणीच फोडला नाही.