मनोहररावांच्या दाढा

मनोहररावांनी सगळ्यांदेखत भुट्टा कराकरा चावून खाल्ला, त्या दिवसापासून भैयाजींच्या पोटात दुखायला लागलं. कोराडीच्या वीजकेंद्रात दोघं तीस वर्षं एकाच पाळीत होते. बढती मनोहररावांना आधी, घर त्यांचं आधी, आणि आता दाढाही त्यांच्याच आधी. हाडात स्क्रू बसवून केलेल्या, पक्क्या. भैयाजींची कवळी तर वरणभातातही हलायची. त्यात बायको कौशल्याबाई म्हणाल्या, भाऊजी किती तरुण दिसून राहिले. भैयाजी ताटावरून उठलेच.

आठवड्याभरात ते धरमपेठेत मनोहररावांच्याच दातांच्या डॉक्टरीणबाईंसमोर हजर. बाईंनी साखर तपासली, हाडाचा फोटो काढला आणि विचारलं, तंबाखू, सुपारी-तंबाखूचा खर्रा काही खाता का? खाणाऱ्याची जखम भरत नाही, हाड स्क्रूला धरत नाही. आधी तीन महिने बंद ठेवावा लागतो. तीन महिने थांबलं तर संक्रांत हुकणार होती, आणि संक्रांतीला मनोहररावांसमोर दातांनी ऊस सोलायचा, एवढंच भैयाजींना हवं होतं. खर्रा कधीच सोडला, असं त्यांनी बेधडक सांगितलं. खर्र्याची प्लास्टिकची पन्नी खिशातच होती.

ऑपरेशनच्या आदल्या संध्याकाळी ते मुद्दाम मनोहररावांकडे मिरवायला गेले. गप्पांत सवयीनं पन्नी सोडून पुढे केली. मनोहररावांनी हात मागे घेतला. आत बायको चहा ठेवत होती. तिकडे एकदा पाहून ते हळूच बोलले.

"डॉक्टरले खरं सांगतलं का गा? मी नव्हतं सांगतलं. माहा पहिला स्क्रू पिकून निघाला. सात महिने खर्रा सोडला, तेव्हा दुसरा टिकला. घरी बी मालूम नाही कोणाले."

आधी तर भैयाजींना आनंदाच्या उकळ्या फुटल्या. या माणसाचंही बिघडलं होतं! मग मनोहररावांची खाली गेलेली मान दिसली. तो गप्प बसला असता तर त्याची ऐट कायम राहिली असती. त्याच्या जागी आपण असतो तर तोंड उघडलं नसतं, हे भैयाजींना पक्कं ठाऊक होतं.

दुसऱ्या दिवशी सुई टोचायच्या आधी त्यांनी बाईंचा हात थांबवला आणि कालचा खर्रासुद्धा कबूल केला. बाईंनी तीन महिन्यांनंतरची तारीख दिली.

इतक्या लवकर कसे परतले, कौशल्याबाईंनी विचारलं.

"मनोहर माह्याहून चांगला माणूस आहे वं," भैयाजी म्हणाले. कारण काही सांगितलं नाही. आणि मनोहरचा हा चांगुलपणा मात्र त्यांना भुट्ट्यापेक्षाही जास्त झोंबला.