शुक्रवारचे नाल

स्तोइल नालबंद एरवी बरा माणूस, पण तोदोरच्या शनिवारच्या आदल्या दिवशी त्याच्या वाऱ्यालाही उभं राहू नये. तोदोरचा शनिवार म्हणजे घोड्यांचा सण; त्या दिवशी गावाबाहेरच्या माळावर शर्यत, आणि नवा नाल ठोकायचा तो शुक्रवारीच. आधी ठोकला तर घोड्याचं नशीब झिजतं, असं आमच्या बल्गेरियातल्या या पट्ट्यात शहाणीसुरती माणसंसुद्धा धरून चालतात.

"आठ दिस आधी आणा म्हणून दरसाल घसा फोडतो," खूर मांडीत धरून स्तोइल करवादायचा. "एका दिसात अकरा घोडी. मी माणूस हाय का घाण्याचा बैल?"

लोक मान डोलवायचे आणि पुढल्या साली पुन्हा शुक्रवारीच यायचे.

त्यात त्या वर्षी घरचीच कटकट. त्याची लेक नेदा पहिल्यांदाच शर्यतीत उतरणार होती, आणि तिनं सिव्का घोडी वर्षभर बिननालाची ठेवली होती. दर महिन्याला खुरांवर स्वतः कानस फिरवायची, नदीतल्या गोट्यांवरून चालवायची. खूर दगडासारखे झाले होते. मी शेजारी, मी हात लावून बघितले होते.

"नालबंदाची घोडी अनवाणी," स्तोइल म्हणाला. "लोक माझ्या तोंडात शेण घालतील."

"घालू देत. बा, तिच्या पायाला हात लावायचा न्हाई."

"माळावर चिखल हाय. घसरून मान मोडंल."

"मोडली तर माझी मोडंल."

शुक्रवारी संध्याकाळी नेदा सणाचे, घोड्याच्या आकाराचे पाव घरोघर वाटायला गेली. अकरा घोडी उरकून कंबरेत वाकलेल्या स्तोइलनं सिव्का बाहेर काढली आणि दोर माझ्या हातात दिला.

"इचारलंस का?" मी म्हटलं.

"घोडीला?"

"लेकीला."

"तू गप दोर धर."

कंबर सरळ होत नव्हती त्याची. तरी चारही नाल ठोकले.

सकाळी सिव्का पुढचा उजवा पाय टेकेना. एक खिळा खुराच्या आतल्या मांसात घुसला होता. स्तोइलनं नाल उतरवून तो उपसला, तर टोक रक्तानं ओलं. नेदा दारात उभी होती. तिनं कोमट मिठाच्या पाण्याची बादली आणली आणि पाय त्यात ठेवला. बापाकडं बघितलंसुद्धा नाही.

कालच नाल ठोकून नेलेलं घोडं घेऊन माळाकडं निघालेला दिमो कुंपणाशी थांबला. "काय रं नालबंदा, आजच्या दिशी घरचीच लंगडी?"

मला वाटलं, आता हा थंडीला नाहीतर घोडीला दोष देणार.

"म्या केली लंगडी," स्तोइल म्हणाला. "अकरा झाल्यावर बारावी. आणा अजून शुक्रवारी."

दिमो घोडं घेऊन चालता झाला. माळावर ढोल सुरू झाला, तसा नेदानं खोगीर उचलून आत नेऊन ठेवलं.

बाहेर येऊन म्हणाली, "बाकीचे तीन बी काढ."

त्यानं काढले. मग कानस घेतली.

"खुराची कड गोल कर," ती म्हणाली. "नालासाठी करतोस तशी सपाट नको."

तीस वर्षं खूर घासणाऱ्या त्या माणसानं एकदा तिच्याकडं बघितलं, आणि ती सांगेल तशी कड गोल करत बसला.