पाच चोरांचे पाय

वरच्या मजल्यावरच्या काकूने नवऱ्याला मारलंय आणि रोज दुपारी ती त्याला थोडं थोडं ओढत मोरीकडे नेते, असं आमच्या अख्ख्या इमारतीचं ठाम मत होतं. काकूचं लग्नच झालेलं नाही, ही किरकोळ बाब कुणी मनावर घेतली नाही.

खरं तर काकू सिनेमांसाठी आवाज करते. पडद्यावर माणूस कोसळला की इकडे ती वाळूचं पोतं आपटते. मुस्कटात बसते ती ओल्या टॉवेलची. सध्याचा सिनेमा खूनखराब्याचा, पण विनोदी: पाच चोर, एक बॅग, आणि प्रत्येकाला वाटतं, बाकीचे चौघं आपला काटा काढणार. पाचही जणांचा अंदाज बरोबर.

घोडं अडलं पावलांवर. पाचही जणांचे बूट काकूच घालायची, त्यामुळे सगळी पावलं सारखीच निवांत वाजायची आणि दिग्दर्शक फोनवर कुरकुरायचा, "अहो, हे चोर कसले? हे तर सहलीला निघालेत!"

त्यात घरमालक भडकले. "आज खोली बघतोच. भानगड निघाली तर सामान रस्त्यावर!" खोली गेली की काकूचं कामही गेलं, एवढ्या आदळआपटीला दुसरं कोण जागा देणार?

दुपारी मोर्चा जिना चढू लागला.

"मालक तुम्ही, तुम्ही व्हा पुढे."

"तक्रार तुमची ना, वहिनी? मग तुम्ही व्हा!"

"मी आपला मागेच बरा," शिंपी म्हणाला.

"मागे का? पळायला?" नर्सबाई फिस्कारल्या.

दातांचे डॉक्टर कुणालाच पाठ दाखवेनात. भिंतीला घासत तिरके चढले. दोन पावलं टाकायची, थांबायचं, शेजारच्याकडे बघायचं.

दार उघडंच होतं. आत माइक चालू, काकूच्या कानांवर हेडफोन, चेहरा उजळलेला.

"मालक, तेवढं परत खाली जाऊन या ना. सगळेच. अगदी असेच."

"आधी प्रेत दाखवा!"

"दाखवते. आधी चढा."

चढले. मग काकूने टिपलेली ती पावलं चित्रासोबत ऐकवली. टोळीचा म्होरक्या मालकांच्या पावलांनी चालत होता.

"हा... मी?" मालक विरघळलेच.

"आणि मी मरतो कधी?" शिंप्याने हळूच विचारलं.

ते ऐकून दिग्दर्शकाने फोनवर शिट्टीच मारली.

संध्याकाळपर्यंत सामान फुटपाथवर दिसेल, अशी मी काकूशी पैज लावली होती. हरले. इमारतीतल्या सगळ्यांच्या नकला करून दाखवल्याशिवाय मला चैन पडत नाही, म्हणून शिक्षा अशी, की सिनेमा पुरा होईपर्यंत मी कुणाची नक्कल करायची नाही. आणि काल मालक नवे बूट घालून तिच्या दारात उभे: "काकू, आज कुणाचा संशय घ्यायचा?"

हे मला कुणालाच करून दाखवता येत नाहीये!