परत पाठवलेला शाळू

आईनं आणलेला शाळू मी परत पाठवला. आजाराचं सांगण्याआधी हे कबूल करतो, नाहीतर पुढचं सगळं खोटं वाटेल.

१९७० साली मी कोरेगावजवळचं आमचं गाव सोडलं. सांगलीला नोकरी लागली होती. आईनं फडक्यात बांधलेल्या भाकरी एसटीच्या खिडकीतून आत दिल्या. लष्करातून निवृत्त झालेले वडील, आबा, एवढंच म्हणाले, "पत्र टाकत जा. खरं लिव्हत जा."

सांगलीतच विश्रामबागला खोली मिळाली, मागून बायको शालन आली. ऑफिसात सगळ्यांच्या डब्यात चपात्या असत. माझी भाकरी बघून एकजण म्हणाला, "काय रावसाहेब, शेतात भांगलायला निघालाय जनू?" सगळे हसले, मीही हसलो. दुसऱ्या दिवसापासून भाकरी बंद. गावाकडं गहू सणाला दिसायचा, इथं दोन्ही वेळा. आपण सुधारलो असं वाटायचं.

दुष्काळाच्या उन्हाळ्यात आई न कळवता आली. डोक्यावर शाळू ज्वारीचं गठुळं. ऑफिसातले दोघे चहाला बसले होते. त्यांच्यादेखत मी म्हणालो, "आये, हितं भाकरी कुणी खात न्हाई. घेऊन जा परत." ती पाणी प्याली. "भाकरीनं कुनाची अब्रू गेल्याली ऐकली न्हाई बाबा," म्हणाली आणि दुपारच्या गाडीनं गेली. मी तिला स्टँडवर पोचवायलाही गेलो नाही. त्यानंतर ती सांगलीला आली नाही.

दुखणं त्याच वर्षी सुरू झालं. जेवण झालं की बेंबीच्या वर पहार खुपसल्यासारखं व्हायचं, कळ थेट पाठीत जायची. गुडघे पोटाशी घेऊन वाकून बसलं तरच जरा दम मिळे. शौचाला तेलकट व्हायचं, शर्ट अंगावर लोंबायला लागले. अंगी लागावं म्हणून शालन चपातीवर जास्तच तूप घालायची आणि मी ताटाकडं बघून घामाघूम व्हायचो. भूक लागली तरी भीती, खाल्लं तरी भीती. घरी मात्र लिहायचो, मी मजेत आहे.

शेवटी शालननं मिरजेला नेलं. डॉक्टरांचा पहिला प्रश्न, "दारू किती वर्षं घेता?" मी थेंबही घेतलेला नव्हता, ते त्यांना पटायला दोन दिवस लागले. एक्स-रेत स्वादुपिंडात खडे दिसले. जुनी सूज आहे, पुरती जाणार नाही, सांभाळून राहायचं. तूप, तळण बंद. मग मी रोज काय खातो ते विचारून ते म्हणाले, "तुम्हाला गहूही सोसत नसावा. खात्री देत नाही, त्याची तपासणी इथं होत नाही. गहू सोडून बघा. ज्वारी खा."

मला आईच्या डोक्यावरचं गठुळं दिसत होतं.

गावाकडं निघालो तेव्हा एसटीत आईला काय सांगायचं तेच जुळवत होतो. आई चुलीपुढं होती. मला बघून हातातलं पीठ तसंच राहिलं. "आवं, हिकडं या. ह्यो निम्मा ऱ्हायलाय बघा!"

आबा आले, न्याहाळत राहिले. "गावात म्हनत्यात, पोरगं दारूनं खंगलं. एकाच्या मुस्काटात हानली मी." मग हळूच, "खरंय का रं?"

"न्हाई आबा." आणि मिरजेचं सगळं सांगितलं. गव्हाचं, ज्वारीचंही.

आईनं भाकरी तव्यावर टाकली. आबाच म्हणाले, "त्या साली आमी रेशनची परदेशी लाल मिलो जवारी गिळत हुतो. शाळू तेवढा तुझ्यासाठी राखल्याला. परत आनला, तवा हिनं त्याला दात लावला न्हाई. बियान्याला ठिवला."

त्याच बियाण्याचा शाळू आता दर सुगीनंतर आमच्या खोलीवर येतो. दुखणं गेलेलं नाही. महिनोन्महिने गप्प असतं, मग एखाद्या दुपारी कळ येते आणि मी बाजेची कड धरून बसतो. पहिला घास अजूनही भीत भीतच घेतो. गाव सोडलेल्या तुम्हा सगळ्यांना घर म्हटल्यावर काय आठवतं, मला माहीत नाही. मला गावी परतलो त्या दिवशीची चूल आठवते. तव्यावर भाकरी फुगली होती आणि आई माझ्याकडं न बघता ती उलटत होती.

मी म्हणालो, "आये, सांगलीला त्या दिशी मला तुझी लाज वाटली हुती. माझं चुकलं. माफ कर मला."