झरीची फॅमिली

झरीची माणसं आमच्या लेकीला बघायला आली, तेव्हा मुलाच्या आईच्या तोंडी एकच शब्द होता, फॅमिली. आमची फॅमिली मोठी, फॅमिलीत ती लेकीसारखी राहील. लेक परभणीत नर्स आहे आणि नोकरी सोडणार नाही, एवढीच तिची अट. ती सांगितली, तरी उत्तर तेच. "करू द्या की. आमची फॅमिलीच तशी हाय."

मला गोड बोलण्याचा पहिल्यापासून राग. त्यात शाळेत इंग्रजी शिकवलेलं, शब्दाच्या खनपटीला बसायची खोड जात नाही. पाहुणे गेल्यावर कोश काढला. मूळ लॅटिन. तिथं या शब्दात आधी घरातले नोकर, गुलाम; आईबाप, लेकरं मागून आली. आपल्याकडचे बाप्ये तर नुसत्या बायकोलाच फॅमिली म्हणतात. फॅमिली माहेरी गेलीय, डबा लावलाय. नवऱ्याला वाचून दाखवलं, तर म्हणाला, तुला कावीळ झालीय, सगळं पिवळं दिसतंय. शब्दावरून कुणी स्थळ मोडतं का? त्याचंही खरं होतं. पण माझ्या मनात पाल चुकचुकली ती चुकचुकलीच.

मग आम्ही दोघं घर बघायला झरीला गेलो. पक्कं घर, दारात ट्रॅक्टर. पोहे आले, चहा आला, सगळं थोरली सून आणत होती. बीएड झालीय म्हणून सासू तिचं कौतुक करत होती. शिकवता कुठं, मी विचारलं. ती बोलायच्या आत सासूच म्हणाली, तिला घरातच लय आवड. इथं नक्की पाणी मुरत होतं.

हात धुवायच्या निमित्ताने मी मागच्या मोरीपाशी गेले. सून कपबशा विसळत होती. सरळ विचारणं बरं दिसेना. म्हणून म्हटलं, "तुम्हाला पाठची बहीण असती, तर दिली असती का या घरात?"

तिनं आधी दाराकडं पाहिलं.

"हाय की बहीण. आधी तिलाच मागितलं होतं यांनी, धाकट्यासाठी. मीच माहेरी सांगून मोडलं. इथं कुणाला म्हाईत न्हाई. सांगू नका, बाई."

मी बाहेर येऊन घराची तारीफ केली. पुढं पत्रिका जुळत नाही, असा निरोप धाडला. पत्रिकेवर माझा काडीचा विश्वास नाही, हे नवऱ्याला ठाऊक आहे. चारचौघांत तो अजून मला टोमणे मारतो, हिनं एका शब्दापायी सोन्यासारखं स्थळ घालवलं. खूप राग येतो. पण त्यालाही मी खरं सांगितलेलं नाही, कारण ती अजून त्याच घरात आहे.